सेकंडहँड गाडीची दुसरी चावी : चिप, रिमोट, प्रोग्रामिंग, नेमकं काय लागतं? (इंदूर)

नारायणबाग_९
मंडळी नमस्कार. दिवाळीनंतर एक सेकंडहँड हॅचबॅक घेतली, २०१४ ची, एमपी ०९ पासिंग. गाडी छान निघाली पण आधीच्या मालकाने चावी एकच दिली, दुसरी "शोधून देतो" म्हणाला ती अजून शोधतोय. रविवारी सियागंजच्या बाजूला एका चावीवाल्याकडे गेलो, त्याने पाच मिनिटांत मशीनवर चावी कापून हातात ठेवली, दीडशे रुपये. दार उघडलं, डिकी उघडली, मी खूश. बसून फिरवली तर सेल्फ लागला, इंजिनाने पकडलं आणि दोन सेकंदांत बंद. परत केलं, परत तेच. मीटरमध्ये एक छोटा लाल दिवा, गाडीच्या चित्रात चावी काढलेली, तो टुकटुक करत होता. जुन्या चावीने लगेच चालू.

चावीवाला म्हणे, "भिया, इसमें चिप आती है, प्रोग्रामिंग करानी पड़ेगी." मग तीन ठिकाणी विचारलं आणि तीन उत्तरं मिळाली. सर्व्हिस सेंटर म्हणतं साडेसहा हजार, आठ-दहा दिवस, आरसी आणि आधार आणा, गाडी आणा, असलेली चावीही आणा. बाहेरचा एक जण म्हणतो अडीच हजार, गाडी आणा, अर्ध्या तासात देतो. तिसरा म्हणतो गाडी आणूच नका, नुसती चावी आणा, बाराशेत कॉपी मारून देतो.

आता यातला खरा कोण? आणि अजून एक, माझ्या असलेल्या चावीवरची लॉक-अनलॉकची बटणं चालत नाहीत, सेल गेला असेल. म्हणजे चिपचाही सेल संपत आलाय का? एक दिवस रस्त्यात गाडी बंद पडेल या धास्तीने झोप नीट लागत नाहीये.

सराफा_रात्री_११
चालू होऊन दोन सेकंदांत बंद = गाडीने चावी ओळखली नाही. गाडीत बिघाड काही नाही, निवांत झोपा.

कानस
मी हेच काम करतो, वडिलांचं दुकान होतं तेव्हापासून, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नारायणबाग, तुमचे तिघंही खरं बोलतायत, फक्त तिघं तीन वेगळी कामं सांगतायत. ते समजायला आधी चावीत काय असतं ते बघा. एक असतं पातं, धातूचं, खाचा असलेलं. ते दार उघडतं आणि इग्निशनचं कुलूप फिरवतं, बस. दुसरं रिमोट, म्हणजे बटणं, एक छोटं हिरवं सर्किट आणि नाण्यासारखा सेल. ते फक्त दारं लॉक-अनलॉक करतं. तिसरी चिप, काळ्या दगडाच्या तुकड्यासारखी, तांदळाच्या चार-पाच दाण्यांएवढी, कधी काचेच्या बारीक नळीत असते, कधी रिमोटच्या सर्किटवरच बसवलेली असते. हिला सेल लागत नाही. परत लिहितो, हिला सेल लागत नाही. तुमचा रिमोट मेला तरी चिप जिवंत राहते, तुम्ही गाडी रोज चालवताय हाच त्याचा पुरावा.

दुकानात येणारे दहातले सात लोक या तीन गोष्टी एकच समजतात आणि सेल बदलून जे काम होणार त्यासाठी नवी चावी विकत घेतात.

नारायणबाग_९
कानस दादा, खूप खूप आभार. सेल नाही तर मग चिप चालते कशावर?

ऑसिलोस्कोप
हा माझा विषय, कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवलंय.

इग्निशनच्या कुलपाभोवती, जिथे तुम्ही चावी घालता तिथे प्लास्टिकच्या रिंगमध्ये तांब्याच्या तारेची एक गुंडाळी असते. चावी फिरवून ऑन केली की गाडी या गुंडाळीत बहुतेक वेळा १२५ किलोहर्ट्झची लहर सोडते, काही गाड्यांत १३४.२. तिने आजूबाजूला बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. चिपमध्येही एक इवलीशी गुंडाळी असते, त्या क्षेत्रामुळे तिच्यात वीज तयार होते. ट्रान्सफॉर्मर जसा चालतो तसंच, फक्त मधे हवा. तेवढ्या विजेवर चिप जागी होते आणि उत्तर देते. क्षेत्र काही सेंटिमीटरच पोचतं, म्हणून चावी कुलपात असावी लागते.

उत्तर जुळलं तर ईसीएम (इंजिन चालवणारा गाडीतला कॉम्प्युटर) इंधन आणि स्पार्क चालू ठेवतं. नाही जुळलं तर काही गाड्या सेल्फच मारू देत नाहीत, काही मारू देतात आणि लगेच इंजेक्शन बंद करतात, म्हणून तुमची दोन सेकंद चालली.

ट्रान्सपॉन्डर हा शब्द ट्रान्समिटर आणि रिस्पॉन्डर जोडून झालाय. दुसऱ्या महायुद्धात येणारं विमान आपलं की शत्रूचं हे रडारवाल्याला कळावं म्हणून विमानात असाच जाब देणारा यंत्रसंच बसवायचे. खालून विचारणा गेली की वरून उत्तर यायचं. गाडी चावीला तेच विचारते, तू आपल्यातली का?

मालवी_मिरची
सर तुमच्यासारखं कोणी शिकवलं असतं तर मी फिजिक्स सोडलं नसतं 🙏

ओंकारेश्वरची_रेवा
सेल लागत नाही याला माझी साक्ष. गेल्या श्रावणात ओंकारेश्वरला नावेतून उतरताना माझ्या पंजाबी ड्रेसच्या खिशातून चावी घाटाच्या पायरीवर पडली आणि तिथून पाण्यात. कमरेएवढं पाणी होतं, नावाड्याच्या मुलाने बुडी मारली, तीन वेळा रिकामा वर आला, चौथ्या वेळी मुठीत गाळ आणि गाळात चावी. पंधरा-वीस मिनिटं तरी नर्मदेत होती. बटणं दाबली, काही नाही, चावी हलवली की आतून पाणी टपकायचं. माझ्या सासूबाई तिथेच बसून रडायला लागल्या, इंदूर ८० किलोमीटर, सोबत दोन लहान मुलं. मी पात्याने दार उघडलं, देवाचं नाव घेतलं, चावी फिरवली आणि गाडी चालू! तेव्हा मला चमत्कार वाटला होता, आज ऑसिलोस्कोप सरांमुळे कळलं का झालं ते.

त्या मुलाला पाचशे दिले, त्याच्या आजीने परत शंभर मला दिले, म्हणाली इतके नको.

कानस
ताई, चिप राळेत किंवा काचेत पूर्ण बंद असते, पाण्याने तिला काही होत नाही. रिमोटचं सर्किट मात्र गंजतं. पाण्यात पडली की लगेच सेल काढायचा, उघडून सुकवायचं, मगच परत सेल घालायचा. ओल्यात सेल ठेवला तर तोच सर्किट खातो.

लष्करचा_वारा
ग्वाल्हेरहून. माझी कथा वाचा आणि तुमच्याकडून हे होऊ देऊ नका. चावीचं कव्हर फाटलं होतं, बटणाचं रबर निघालेलं. ऑनलाइन नवं कव्हर मागवलं, दोनशे रुपयांचं. घरी बसून स्क्रू काढला, सर्किट नव्यात बसवलं, पातं बसवलं, बटणं टकाटक. जुनं कव्हर कचऱ्याच्या गाडीत गेलं. सकाळी गाडी चालू होईना. दोन दिवस मेकॅनिक, बॅटरी बदलली, पेट्रोलचा पंप तपासला, शेवटी एका म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनने चावी कानाशी धरून हलवली आणि विचारलं, "बेटा, इसका पत्थर कहाँ है?" जुन्या कव्हराच्या कोपऱ्यात एक वेगळा कप्पा होता, चिप त्यात बसलेली. ती नगरपालिकेच्या गाडीतून कधीच गेली होती.

कानस
वारा, हे महिन्यातून दोनदा माझ्याकडे येतं. म्हणून सांगतो, कव्हर बदलताना खाली पांढरा कपडा अंथरा आणि जुनं कव्हर नव्या कव्हरातल्या चावीने गाडी चालू झाल्याशिवाय टाकू नका. चिप कधी कधी कव्हरात चिकटवलेली असते, पेचकसाने उपसताना तुटते. तुटली की गेली, जोडता येत नाही.

सुदामानगरी
मला मात्र हे सगळं कंपन्यांनी ग्राहकाला बांधून घ्यायचं तंत्र वाटतं. आमच्या वडिलांची ॲम्बेसेडर होती, चावी हरवली तर राजवाड्याजवळ बसणारा माणूस कानशीने घासून दहा मिनिटांत नवी द्यायचा. आता चावीला साडेसहा हजार? एवढ्यात जुनी सायकल नाही, नवी येते.

सराफा_रात्री_११
सुदामा, त्याच ॲम्बेसेडरच्या दोन तारा जोडून चोरही दहा मिनिटांत न्यायचा ना 🙂

ऑसिलोस्कोप
सुदामानगरी, किमतीबद्दल तुमचं दुखणं खरं आहे. पण चिपेचा उपयोग होतो यात शंका नको. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर १९९८ पासून नव्या गाड्यांना इमोबिलायझर (चावी ओळखली नाही तर इंजिन चालू न देणारी ही यंत्रणा) सक्तीचा झाला, ऑस्ट्रेलियात २००१ मध्ये, कॅनडात २००७ मध्ये. अमेरिकेत सक्ती नव्हती. तिथे ह्युंदाई आणि कियाच्या २०११ ते २०२१ च्या चावीने चालू होणाऱ्या बऱ्याच साध्या मॉडेलांत तो बसवलाच नव्हता. २०२१-२२ मध्ये पोरांनी व्हिडिओ टाकले की स्टिअरिंगखालचं प्लास्टिक काढा आणि यूएसबी केबलच्या टोकाने कुलूप फिरवा, गाडी चालू. चोऱ्यांचा नुसता सपाटा लागला, कंपन्यांना सॉफ्टवेअर बदलून द्यावं लागलं, विमा कंपन्या काही शहरांत या गाड्यांचा विमा उतरवेनात. त्याच कंपन्यांची बटण-स्टार्टवाली मॉडेलं, ज्यांत इमोबिलायझर होता, ती या युक्तीने जात नव्हती. एका लहानशा चिपने एवढा फरक.

सुदामानगरी
हे माहीत नव्हतं. ठीक, चिप हवी. किमतीवर मी ठाम आहे.

कृष्णपुरा_छत्री
चिप आहे की नाही हे घरच्या घरी कसं ओळखायचं? माझी २००३ ची गाडी आहे, चावीवर बटणं नाहीत.

कानस
बटणं नसली म्हणून चिप नाही असं नाही, साध्या काळ्या मुठीच्या चावीतही चिप असते. चावी ऑन केल्यावर मीटरमध्ये चावीचा किंवा कुलपाचा दिवा एक-दोन सेकंद लागून विझतो का बघा. लागत असेल तर इमोबिलायझर आहे. मारुतीच्या गाड्यांत त्याला आयकॅट्स म्हणतात, कागदपत्रांत किंवा काचेवरच्या स्टिकरवर तो शब्द सापडतो.

मालवी_मिरची
आम्ही दुसरा प्रयोग केलाय. चावीच्या मुठीला पोळीची फॉइल तीन-चार वेढे घट्ट गुंडाळली, पातं मोकळं ठेवलं. गाडी पकडली आणि बंद. फॉइल काढली, चालू. आमच्या चिरंजीवाने शाळेच्या प्रदर्शनात हेच मांडलं 😊

दांडियाबाजार_वडोदरा
बडोद्याहून एक वेगळी बाजू मांडतो. दरवेळी चावीच दोषी असते असं नाही. आमच्या गाडीला कधी सकाळी दिवा टुकटुक, गाडी बंद, दहा मिनिटांनी आपोआप चालू. एका वर्कशॉपने (नाव घेत नाही) सरळ "चावी गेली" सांगून नवी चावी प्रोग्राम करून दिली, पैसे घेतले. चार दिवसांनी नव्या चावीनेही तेच! मग मकरपुऱ्यातल्या एका ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने स्टिअरिंगखालचं कव्हर उघडलं. सर सांगतात ती कुलपाभोवतीची रिंग, तिचा पांढरा कनेक्टर अर्धा बाहेर आलेला, पिनांवर हिरवट गंज. साफ केला, दाबून बसवला, कट्‌ असा आवाज आला, दोन वर्षं झाली काही नाही.

कानस
भाऊ, लाख मोलाचं लिहिलंत. नियम सोपा आहे. गाडी चालू होत नसेल तर आधी दुसरी चावी लावून बघा. दुसरीने चालू झाली तर दोष चावीत. दोन्हींनी नाही झाली तर दोष गाडीत, रिंग, कनेक्टर, वायर नाहीतर गाडीची मोठी बॅटरी उतरलेली. हे बघायला सुद्धा दुसरी चावी घरात असावी लागते. आणि जुडग्यात दुसऱ्या गाडीची चिपवाली चावी लागून असेल तर तीही काढून बघा, दोन चिपा एकदम बोलायला लागल्या की गाडीला कुणाचंच ऐकू येत नाही.

ओंकारेश्वरची_रेवा
आमच्याकडे जेवणाच्या टेबलावर रोज हेच होतं!

नारायणबाग_९
माहितीचा खजिनाच उघडलात सगळ्यांनी. पण माझे तीन भाव राहिले. साडेसहा, अडीच, बारा... कुठे जाऊ?

कानस
जेवून आलो. आता तेच लिहितो.

बाराशेवाला करतो ते क्लोनिंग. तो तुमच्या चालू चिपेतला कोड मशीनवर वाचतो आणि एका कोऱ्या चिपेत तसाच लिहितो. गाडीला वाटतं तीच जुनी चावी आली. गाडीला हात लावावा लागत नाही म्हणून नुसती चावी मागतो. काम चालतं, मीही करतो. पण दोन गोष्टी. सगळ्या चिपांचं होत नाही, नव्या पिढीच्या बऱ्याच चिपा अशा वाचू देत नाहीत. आणि उद्या त्या दोनपैकी एक हरवली तर गाडीतून फक्त हरवलेली काढता येत नाही, कारण गाडीच्या लेखी दोन्ही एकच आहेत.

अडीचवाला करतो ते रजिस्ट्रेशन. स्टिअरिंगखाली गुडघ्याजवळ ओबीडी सॉकेट (गाडीच्या कॉम्प्युटरला मशीन जोडायची जागा) असतं, त्यात स्कॅनर लावून गाडीच्या आठवणीत नव्या चिपेचा नंबर टाकतो. याला बऱ्याच गाड्यांत पिन कोड (त्या गाडीचा गुप्त नंबर, पोस्टाचा नव्हे) लागतो. सर्व्हिस सेंटरही हेच करतं, ते ओरिजिनल चावी चॅसी नंबरावरून कंपनीतून कापून मागवतात म्हणून आठ-दहा दिवस आणि जास्त पैसे.

तुमच्या जागी मी असतो तर रजिस्ट्रेशनच केलं असतं. आणि मशीन लावल्यावर पहिली गोष्ट विचारा, गाडीत सध्या किती चाव्या रजिस्टर आहेत. गाडी सेकंडहँड आहे तुमची.

सुदामानगरी
कानस, इथे मी सहमत नाही. बाहेरच्याला गाडीचा पिन आणि ओबीडी उघडून देणं म्हणजे तिजोरी दाखवणंच. तो उद्या स्वतःसाठी एक चावी करून ठेवेल. चालेल तो खर्च, पण सर्व्हिस सेंटर.

कानस
सुदामा, तुमची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. म्हणून माझ्याकडे आरसी आणि ओळखपत्र बघितल्याशिवाय, फोटो घेतल्याशिवाय चिपेचं काम होत नाही, चावी हरवली असेल तर तक्रारीची प्रत बघतो. जो कागद मागत नाही त्याच्याकडे करू नका, मग दुकान कितीही मोठं असो. काम होईपर्यंत स्वतः गाडीत बसा, आणि शेवटी मशीनवर आकडा बघा. तुमच्या हातात दोन चाव्या असतील तर पडद्यावर दोनच दिसायला हव्यात.

सुदामानगरी
आकडा बघायचा हे पटलं. एवढं मी माझ्या गाडीचंही करून घेतो.

कृष्णपुरा_छत्री
भंगारातून किंवा ऑनलाइन जुनी ओरिजिनल चावी घेऊन तीच प्रोग्राम केली तर? अर्ध्या किमतीत मिळतात.

कानस
करू नका. काही चिपा एका गाडीला एकदा बांधल्या की आतून लॉक होतात, दुसरी गाडी त्यांना घेत नाही. पैसेही गेले आणि वेळही. कोरीच घ्या.

ऑसिलोस्कोप
कोणाला पुढचं ऐकायचं असेल तर, चिप बोलते कसं हे गमतीशीर आहे. सुरुवातीच्या चिपा ठरलेला एकच नंबर सांगायच्या, तो ऐकला की नक्कल झाली. म्हणून पुढच्या पिढीत गाडी दरवेळी एक नवा आकडा फेकते, चिप तो आकडा आणि आपली गुप्त किल्ली मिसळून हिशोब करते आणि उत्तर पाठवते. गाडीही तोच हिशोब करते, दोन्ही जुळले की चालू. गुप्त किल्ली हवेत कधी येतच नाही, त्यामुळे नुसतं ऐकून काही हाती लागत नाही.

पण किल्ली लहान असली की हरते. एका प्रसिद्ध चिपेत ४० बिटांची किल्ली होती, म्हणजे सुमारे एक लाख दहा हजार कोटी शक्यता. ऐकायला अफाट, पण २००५ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए लॅबोरेटरीजच्या संशोधकांनी ती फोडून दाखवली. २०१२ मध्ये ४८ बिटांच्या हिटॅग-२ ची पाळी आली, ती काही मिनिटांत. मेगामॉस नावाच्या चिपेवरचं संशोधन २०१३ मध्ये फोक्सवॅगनने लंडनच्या कोर्टातून थांबवलं, २०१५ मध्ये ते छापलं गेलं. आता नव्या गाड्यांत १२८ बिटांचं एईएस (माहिती गुप्त करायची एक पद्धत) येतं, बँकांचे व्यवहार ज्यावर चालतात तेच.

लष्करचा_वारा
म्हणजे ती कचऱ्याच्या गाडीत गेलेली चिप एवढी हुशार होती 😞

मालवी_मिरची
वारा, पुढे काय केलंस? दुसरी होती का?

लष्करचा_वारा
नव्हती, तेच तर. ज्याला हे लोक "ऑल की लॉस्ट" म्हणतात ते झालं. गाडी टो करून नेली, पिन मागवला, आरसी, आधार, शपथपत्र, सगळं झालं. नऊ दिवस आणि चौदा हजार. एक चालू चावी हातात असताना दुसरी करणं सोपं, एकही नसताना मात्र गाडीला पटवून द्यावं लागतं की मी मालक आहे. काही गाड्यांत तर ईसीएम काढून त्यातली मेमरी वाचावी लागते म्हणे.

कानस
खरं आहे. आणि म्हणूनच नव्या गाडीच्या चाव्यांसोबत छोटा पत्र्याचा बिल्ला येतो, नंबर खोदलेला, तो जपा. त्या नंबरावरून पातं जसंच्या तसं कापता येतं. लोक तो चावीतच अडकवून फिरतात आणि चावीबरोबर बिल्लाही घालवतात.

दांडियाबाजार_वडोदरा
विम्याचंही लिहून ठेवतो. माझ्या मेव्हण्याची गाडी चोरीला गेली तेव्हा विमा कंपनीने दोन्ही चाव्या जमा करायला सांगितल्या, एक हरवलेली होती आणि तिची तक्रार नोंदवलेली नव्हती. क्लेम मिळायला फार झगडावं लागलं. चावी हरवली तर त्याच दिवशी तक्रार नोंदवा. चावी बदलण्याचा खर्च देणारं ॲड-ऑन बऱ्याच पॉलिसींत मिळतं, तेही बघा.

कृष्णपुरा_छत्री
बॅटरी बदलताना गाडी चावी विसरते का? आमचा मेकॅनिक म्हणाला पुन्हा प्रोग्राम करावं लागेल.

ऑसिलोस्कोप
नाही. चिपांचे नंबर अशा मेमरीत असतात जी वीज गेली तरी पुसत नाही. प्रोग्रामिंग लागतं ते नवी चावी घेतल्यावर, ईसीएम किंवा इमोबिलायझरचं युनिट बदलल्यावर, किंवा हरवलेली चावी गाडीच्या यादीतून काढायची असेल तेव्हा. नुसता रिमोटचा सेल, नुसतं कव्हर, गाडीची बॅटरी यांना नाही.

ओंकारेश्वरची_रेवा
आणि बटण-स्टार्ट गाड्यांचं काय? दिराची नवी गाडी तशी आहे, चावीला सेल लागतो तिच्या. सेल गेला तर?

कानस
त्यातही सेल नसताना चालणारी चिप असतेच ताई. आतलं पातं ओढून काढा, त्याने दार उघडा, मग रिमोट स्टार्टच्या बटणाला टेकवून धरा, ब्रेक दाबून बटण दाबा, गाडी चालू होते. काही गाड्यांत रिमोट ठेवायचा खास खाचा असतो, कपहोल्डरच्या आसपास. मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, घरी आजच एकदा करून बघा, घाटावर शोधायची वेळ नको.

नारायणबाग_९
(नऊ दिवसांनी)

मंडळी, काम झालं, आणि जे झालं ते सांगायलाच हवं.

कागद मागणाऱ्याकडेच गेलो, कानस दादांच्या सांगण्याप्रमाणे. त्याने आधी गाडीची बॅटरी तपासली, साडेअकरा व्होल्टच्या खाली दाखवत होती, तर चार्जर लावला. म्हणाला रजिस्ट्रेशन मधेच अर्धवट राहिलं तर गाडी सगळ्याच चाव्या नाकारू शकते. मग टॅबलेटएवढं मशीन गुडघ्याजवळच्या सॉकेटमध्ये लावलं, चावी ऑन केली. मी बाजूच्या सीटवर. मी विचारलं, भाऊ आधी सांगा किती रजिस्टर आहेत. त्याने पडदा माझ्याकडे वळवला.

तीन.

माझ्याकडे एक. दोन मिनिटं मी नुसता पडद्याकडे बघत राहिलो. एक आधीच्या मालकाकडे "शोधतोय" ती धरली, तरी तिसरी कुणाकडे? गाडी रोज रात्री घराखाली उघड्यावर उभी असते, मुलगी त्याच गाडीने क्लासला जाते. त्याने सगळ्या पुसल्या, मग माझी जुनी आणि नवी, दोन्ही पुन्हा टाकल्या. जुनी लावली, ऑन, दिवा विझला. काढली, नवी लावली, दिवा विझला. पडद्यावर २. मग दोन्ही चाव्यांनी पाच-पाच वेळा गाडी चालू-बंद केली, त्याने मुकाट्याने करू दिलं. जुन्या रिमोटमध्ये नवा सेलही घातला, बटणं चालू झाली.

दीडशे रुपयांची ती पहिली कापलेली चावी त्याने फुकट वापरात आणली, तिचंच पातं, फक्त चिपवाली मूठ लावली.

मालवी_मिरची
बाप रे, तीन! अंगावर काटा आला.

सुदामानगरी
नारायणबाग, मी कालच माझ्या गाडीचं बघून घेतलं. दोन होत्या, दोन्ही घरात. पण विचारलं नसतं तर कळलंच नसतं. कानस, तुम्हाला मनापासून धन्यवाद.

कानस
नारायणबाग, फार बरं झालं. फक्त एक लक्षात ठेवा, त्या दोन चाव्यांनी गाडी आता चालू होणार नाही, पण पात्याने दार अजून उघडेल. गाडीत लॅपटॉप, पर्स काही ठेवू नका. मनात शंका राहत असेल तर दाराचं कुलूप बदलून घ्या.

नारायणबाग_९
शनिवारीच बदलतोय. आणि आधीच्या मालकाचा सकाळी फोन आला होता, म्हणाला दुसरी सापडली, कुठे पाठवू. तिसरीचं विचारलं तर म्हणाला गाडी त्याने घेतली तेव्हा त्यालाही दोनच मिळाल्या होत्या.